नॅचेझ, फ्रँकलिन स्ट्रीट: एका जुन्या दुकान-इमारतीच्या दुरुस्तीच्या नोंदी

५ फेब्रुवारी : पहिली पाहणी

नॅचेझ हे अमेरिकेतले, मिसिसिपी नदीवरचे गाव, पण वरच्या पेठेला नदी भिजवत नाही. पेठ सुमारे २०० फूट उंच कड्यावर आहे. मे २०११ मध्ये नदी ६१.९५ फुटांवर गेली (पूरपातळी ४८ फूट), तेव्हा पाणी कड्याखालच्या सिल्व्हर स्ट्रीटला लागले. फ्रँकलिन आणि मेन स्ट्रीटची दुकाने कोरडीच होती. इथल्या इमारती खातो तो पाऊस, आणि तो मागच्या बाजूने खातो. रस्त्यावरून फोटो काढणाऱ्याला ते दिसत नाही.

इमारत दुमजली, विटांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली. रुंदी २४ फूट, खोली ८० फूट. बाजूच्या भिंती १३ इंच जाड. सहा थरांत विटा लांबीने आणि सातव्या थरात तोंडे बाहेर काढून, अशी बांधणी. छप्पर जवळजवळ सपाट, पुढून मागे फुटाला पाव इंच उतार, म्हणजे ८० फुटांत २० इंच. पुढचा कठडा उंच असल्यामुळे हा उतार रस्त्यावरून कळत नाही. सगळे पाणी मागच्या एकाच पन्हळीत आणि तिथून एकाच नळात.

हिशेब करून पाहिला. छप्पर १,९२० चौरस फूट. एक इंच पाऊस म्हणजे १६० घनफूट, सुमारे १,२०० गॅलन पाणी. नळाचा खालचा तुकडा गळून पडलेला, त्यामुळे हे सगळे पाणी मागच्या वायव्य कोपऱ्याच्या पायाशी ओतले जात होते. नेमक्या त्याच कोपऱ्यात पायरी-पायरीने चढत गेलेली भेग. वर ७/८ इंच रुंद, खाली येता येता केसाएवढी. वर रुंद भेग म्हणजे कोपरा खाली बसून बाहेर कलला.

आजचे काम एकच : नळाला ६ इंची लवचिक पाइप जोडून पाणी भिंतीपासून २० फूट लांब काढून दिले. भेगेवर दोन मोजपट्ट्या चिकटवल्या आणि वाचन लिहून ठेवले. बाकी कशालाही हात लावलेला नाही.

१२ फेब्रुवारी : कागदपत्रे

इमारत नॅशनल रजिस्टरवर (अमेरिकेतल्या ऐतिहासिक जागांच्या यादीवर) नोंदलेल्या भागात आहे आणि त्या भागाच्या ऐतिहासिक स्वरूपात भर घालणारी आहे, हे पहिल्या अर्जात सिद्ध करायचे. मग पात्र खर्चावर केंद्राची २० टक्के कर-सवलत, पाच वर्षांत विभागून. मिसिसिपी राज्याची २५ टक्के वेगळी. अट अशी की २४ महिन्यांत होणारा खर्च इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा जास्त हवा (जमिनीची किंमत सोडून), आणि निदान ५,००० डॉलर तरी हवा.

दुसरा अर्ज कामाच्या तपशिलाचा. तो मंजूर होण्याआधी काम सुरू केले तर जोखीम आपली. दर्जा (विटांमधले सांधे) भरताना चुकीचा मसाला वापरला किंवा वाळूच्या माऱ्याने विटा धुतल्या, तर एवढ्यावरूनही सवलत जाऊ शकते, म्हणून आधीचे फोटो भरपूर हवेत. आज १४० काढले. प्रत्येकावर दिशा आणि नकाशावरचा क्रमांक.

१९ फेब्रुवारी : सॅनबोर्न नकाशे

आग-विम्यासाठी काढलेले सॅनबोर्न कंपनीचे नकाशे, ५० फुटांना एक इंच. गुलाबी म्हणजे वीट, पिवळे म्हणजे लाकूड. आकड्यांवरून मजले कळतात, ‘एस’ म्हणजे दुकान. पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटवर एकेकाळी गुलाबी रंगाचे, एक मजल्याचे दुकान होते. एवढ्या एका आकड्याने पश्चिम भिंतीचे कोडे सुटले.

ती भिंत वर टणक, गर्द लाल विटांची आहे आणि तिच्यावर रंगवलेल्या जाहिरातीची पुसट अक्षरे आहेत. साधारण १४ फुटांखाली मात्र विटा फिकट केशरी, नख लावले की भुकटी होणाऱ्या. भट्टीच्या कडेला राहून कमी भाजलेल्या विटा कधीच टाकून देत नसत. जिथे पाऊस लागणार नाही तिथे, म्हणजे भिंतीच्या पोटात किंवा दोन इमारतींच्या सामाईक भिंतीत, त्या घालत. शेजारचे दुकान पाडले आणि आतल्या विटा उघड्यावर आल्या. ८० × १४, म्हणजे १,१२० चौरस फूट. शेजारच्या छपराची तिरकी खूण अजून भिंतीवर आहे, तुळयांच्या खाचाही.

इमारत इतकी खोल का, हेही नकाशावर दिसते : पुढे दुकान, मागे कोठार. या रस्त्यामागचा पैसा कापसाचा. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात नाकेबंदीमुळे हा कापूस इंग्लंडला पोहोचेना, तेव्हा मुंबईत कापसाचे भाव भडकले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथला बाजार कोसळला. इकडे युद्धानंतर वाटेकरी शेतकऱ्यांना बी-बियाणे, कापड, धान्य उधारीवर देणारे दुकानदार पुढे आले. त्यांना माल साठवायला जागा लागे. मागच्या भिंतीतले वरच्या मजल्याचे रुंद दार आणि त्यावरची कप्पीची तुळई त्याच कामाची.

११ मार्च : मागच्या कोपऱ्याचा खड्डा

पायाशी ३ × ३ फुटांचा खड्डा घेतला. काँक्रीट नाही. विटांचेच चार थर पायरीने रुंद करत नेलेले, तळ ३० इंचांवर. त्याखाली लोएस : वाऱ्याने आणून टाकलेली बारीक, पिवळसर माती. हिचा स्वभाव उलटा आहे. कोरडी असताना ती उभी कापली तरी उभी राहते. १८६३ च्या वेढ्यात याच राज्यातल्या व्हिक्सबर्गच्या लोकांनी हिच्यातच गुहा खोदून आसरा घेतला होता. पण वाहते पाणी लागले की ती साखरेसारखी विरते आणि आतल्या आत नळी धरून वाहून जाते. कोपऱ्याखाली १४ इंच खोल पोकळी निघाली. भिंत तिथे नुसती शेजारच्या विटांच्या आधारावर लोंबत होती.

पोकळी लगेच भरायची नाही. आधी पाणी बंद करून महिना-दोन महिने मोजपट्टी पाहायची. हालचाल थांबली तर फक्त कोपऱ्याचा पाया करायचा, नाहीतर सगळ्या मागच्या भिंतीचा. दोन्हींच्या खर्चात कितीतरी पटींचा फरक आहे. कोपऱ्याला तात्पुरते तिरके टेकू दिले.

१८ मार्च : पुढचा ॲल्युमिनियमचा मुखवटा

दुसऱ्या अर्जाला मंजुरी आली. वरच्या मजल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलेले २४ × १४ फुटांचे ॲल्युमिनियमचे आवरण आज उतरवले. असे आवरण स्वतःच पन्नास वर्षांहून जुने असते, त्यामुळे ते ऐतिहासिक ठरते का याचे उत्तर अर्जात द्यावे लागते. इथे रचना साधी पत्र्यांची होती आणि मागचा दर्शनी भाग बहुतांश शाबूत होता, म्हणून काढायला परवानगी मिळाली.

पहारीने उचकटायचे नाही. पत्रे वरून खाली एकेक सोडवले, लोखंडी कोनपट्ट्या बोल्टच्या दोन्ही बाजूंनी कापल्या. विटांत ६२ बोल्ट होते. गंजलेले लोखंड मूळच्या कितीतरी पट फुगते, त्यामुळे ११ ठिकाणी वीट फुटली होती. फुटक्या विटा काढून मागून फिरवून लावायच्या, कारण आतली बाजू बहुधा चांगली असते. बाकीची भोके चुन्याच्या मसाल्यात वीटपूड मिसळून बुजवायची.

मागे जे निघाले ते असे : विटांचा दर्शनी भाग चांगला. तीन खिडक्यांपैकी दोनांच्या पत्र्याच्या टोप्यांचे पुढे आलेले काठ आवरण बसवताना करवतीने कापलेले. तिसरी टोपी शाबूत, तिच्यावरून साचा काढता येईल. वरची पत्र्याची कार्निस (माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) जागेवर.

२० मार्च : खांब

तळमजल्याचे चार ओतीव लोखंडी खांब रंगाच्या जाड थराखाली होते. पूर्वेकडच्या खांबाच्या तळाशी खरवडल्यावर ओतीव अक्षरे निघाली : जॉर्ज एल. मेस्कर, इव्हान्सव्हिल, इंडियाना. या कंपनीची खूण म्हणजे खांबावरचे गारवेलीसारखे फूल. सेंट लुईसच्या मेस्कर ब्रदर्सचा माल वेगळा, त्यांच्याकडे लिलीसारखी फुले. दोन्ही कंपन्या एकाच घराण्याच्या, आणि दोघीही तयार दर्शनी भाग कॅटलॉगवरून विकत. छोट्या गावातल्या गवंड्याने विटा रचायच्या, नक्षी मागवून घ्यायची. अशा इमारतींना ‘स्थानिक कारागिरी’ म्हणणारे फलक गावोगाव असतात. इथे तरी ते अर्धेच खरे.

९ एप्रिल : मोजपट्टीचे वाचन, छप्पर

दोन महिन्यांत भेगेची हालचाल अर्ध्या मिलिमीटरहून कमी. या काळात दोनदा जोरदार पाऊस झाला. म्हणजे पाणी वळवल्याने काम झाले. पाया फक्त कोपऱ्याचा, ९ फूट लांबीचा.

छपरावर डांबरी थरांची तीन जुनी छपरे एकावर एक निघाली. सगळी काढली. खालच्या फळ्या लाँगलीफ पाइनच्या, दाट रेषांच्या. मागच्या चार फुटांतल्या तेवढ्या कुजल्या होत्या. पन्हळ ६ इंचांची अर्धगोल होती, ती ८ इंचांची केली. नळ एकाऐवजी दोन, प्रत्येक ४ इंची, दोन्ही जमिनीखालच्या बंद पाइपातून गल्लीच्या गटारात. उघड्या जाळीच्या झिरपखड्ड्याचा सल्ला मिळाला होता. लोएसमध्ये भिंतीजवळ झिरपखड्डा म्हणजे तीच पोकळी पुन्हा खणणे.

तुळयांची भिंतीतली टोके तपासली. प्रत्येक टोक वरून तिरके कापलेले आहे. आगीत तुळई मधून तुटली तर टोक खाचेतून अलगद सुटावे, त्याने भिंत उचकटू नये म्हणून. नवी तुळई बसवताना हा काप विसरला जातो. बदललेल्या तीन तुळयांना तो आठवणीने दिला.

२२ एप्रिल ते ३ मे : पाया

तीन फुटांचे तीन भाग. क्रम पहिला, तिसरा, मग दुसरा. शेजारचे दोन भाग एकाच वेळी कधीही उघडायचे नाहीत. प्रत्येक भागात काँक्रीट जुन्या पायाखाली दोन इंच फट ठेवून ओतले, आणि ते आकसून घेईपर्यंत एक दिवस थांबून वरची फट कोरड्या मसाल्याने ठोकून भरली. पुढचा भाग तीन दिवसांनी. दुसरा भाग उघडताना माती ओलसर लागली : एक जुना मातीचा नळ फुटलेला होता, कोणत्याच नकाशावर नसलेला. तो बंद करून दोन दिवस उशिरा पुढे गेलो.

१३ मे : मसाल्याचा नमुना

मागच्या भिंतीवर पूर्वी कोणीतरी सिमेंटच्या मसाल्याने दर्जा भरल्या होत्या. तिथे आता मसाला पुढे आलेला आणि विटा आत गेलेल्या. कारण सोपे आहे. भिंतीतले पाणी सांध्यातून बाहेर पडले पाहिजे. सांधा विटेपेक्षा टणक आणि बंद असेल तर पाणी विटेतून निघते, क्षार विटेच्या कातडीखाली साठतात आणि ती कातडी उडवतात. मसाला विटेपेक्षा कमजोर हवा. झिजायचे ते त्याने, कारण तो पुन्हा भरता येतो.

मूळ मसाल्याचे खडे आतल्या सांध्यातून काढले. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळला, वाळू उरली. ती वाळवून चाळण्यांतून काढली : बारीक, गोलसर, पिवळट, नदीची. सिमेंटचा अंश नाही. वाळूत शिंपल्यांचा चुरा असता तर तोही आम्लात गेला असता आणि प्रमाण चुकले असते, म्हणून एक खडा आधी भिंगाखाली पाहिला.

प्रमाण ठरले : १ भाग मुरवलेला चुना, ३ भाग वाळू. वाळूत साधारण एक-तृतीयांश पोकळी असते, ती चुन्याने भरते, म्हणून १ ला ३. कोकणातल्या जुन्या घरांचे काम केलेल्या गवंड्याला यात नवे काही नाही. पायरीच्या खालच्या तीन थरांसाठी मात्र १ भाग सिमेंट, ३ चुना, ११ वाळू. हे अमेरिकी प्रमाणात ‘के’ प्रकारात बसते, अपेक्षित ताकद ७५ पौंड प्रति चौरस इंच. तयार पोत्यात सहज मिळतो तो ‘एस’ प्रकार १,८०० पौंडांचा. जुन्या विटेला तो मारक.

मालाचा हिशेब : मागची भिंत ५२० चौरस फूट. वीट ८ × सव्वादोन इंच, सांधा ३/८ इंच, खोली १ इंच. चौरस फुटाला सुमारे २६ घनइंच, एकूण ८ घनफूट. सांडणी धरून साडेनऊ. वाळू साडेनऊ घनफूट, चुना सव्वातीन.

२० मे ते १४ जून : दर्जा भरणे

सांधा रुंदीच्या अडीच पट खोल मोकळा करायचा, इथे एक इंच. आडव्या सांध्यात मधोमध यंत्राने एकच काप, बाकी छिन्नीने. उभे सांधे फक्त हाताने : त्यात यंत्र घातले की वरच्या-खालच्या विटेला चीर जाते आणि ती चीर जन्मभर दिसते.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवली. सकाळी ओलसर, पण पाणी चमकत नसलेली. मसाला पाव इंचाच्या थरांत, प्रत्येक थर अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल इतका घट्ट झाल्यावर पुढचा. एकदम भरला तर आकसून कडेने सुटतो. शेवटचा थर ब्रशने टोकरून घेतला.

५ जूनला चूक झाली. दुपारी ३४ अंश, पश्चिमेचे ओले गोणपाट वाऱ्याने सरकले. साधारण ४० चौरस फूट सांधे पांढरे आणि भुसभुशीत झाले. चुना हवेतला कर्बवायू घेऊन घट्ट होतो, पण त्यासाठी ओलावा लागतो. वाळला की प्रक्रियाच थांबते. ते सांधे काढून पुन्हा भरले. त्यानंतर काम सकाळी दहापर्यंतच, आणि गोणपाट तीन दिवस दिवसातून चारदा ओले.

पुढच्या दर्शनी भागाला हात लावला नाही. तिथे दाबून घडवलेल्या गुळगुळीत विटा आणि १/८ इंचाचे सांधे. इतका बारीक सांधा मोकळा करायला कोणतेही यंत्र चालत नाही. रिकामे झालेले सात सांधे पिचकारीने भरले, तेवढेच.

२४ जून : पश्चिम भिंत

खालच्या कमी भाजलेल्या विटांना चुन्याची सफेदी, दुधाएवढी पातळ, पाच हात. प्रत्येक हाताआधी भिंत भिजवायची, मध्ये एक दिवस. पारदर्शक पाणीरोधक लेप लावा असे सुचवले जाते. तो आतले पाणी कोंडतो, नको. वरच्या जाहिरातीची अक्षरे तशीच ठेवली. शिशाच्या रंगाने तिथल्या विटेचे रक्षण केले म्हणून ती टिकली. पुन्हा रंगवली तर ती नवी पाटी होईल.

१५ ते ३० जुलै : लोखंड आणि पत्रा

ओतीव खांबांवरचा शिशाचा रंग काढायला ८० पौंड दाबाचा मारा चालतो, पण शेजारची वीट आणि काच पूर्ण झाकून, तंबूत, श्वासयंत्र लावून. साफ झालेला खांब त्याच दिवशी प्राइम केला. इथल्या दमट हवेत रात्रीत तांबूस थर येतो. एका खांबाला चीर होती. ओतीव लोखंड जागेवर झाळले तर शेजारी नवी चीर जाते, म्हणून आडव्या पिना घालून शिवली. खांब पोकळ असतात, वरच्या सांध्यातून आत शिरलेले पाणी तळाशी साठते. वरचा सांधा बंद केला, तळाला निचऱ्याचे बारीक भोक.

पत्र्याच्या कार्निसवर वाळूचा मारा अजिबात नाही, पत्रा वाकतो. रासायनिक लेपाने रंग काढला. गंज मागून आलेला, कारण आतला लाकडी सांगाडा ओला होता. सांगाड्यासाठी सायप्रसचे लाकूड वापरले. आजकालच्या तांबेयुक्त औषध मुरवलेल्या लाकडाने जस्ताचा मुलामा काही वर्षांत खाल्ला असता. ठिगळे २४ गेजच्या जस्ती पत्र्याची, झाळून. त्यावर तेलरंग थेट दिला की जस्ताशी साबण तयार होतो आणि रंग पापुद्र्यांनी निघतो, म्हणून ॲक्रेलिक प्राइमर. दोन टोप्यांचे काठ तिसरीवरून साचा काढून केले.

१९ ऑगस्ट : दारावरची काच

खोट्या छताआड तळमजल्याच्या दर्शनी भागावरची पट्टी सापडली : ४ इंची लक्सफर प्रिझमच्या चौकोनी काचा, तीन तावदानांत १०५ प्रत्येकी, एकूण ३१५. फुटलेल्या २२. कंपनी १८९७ ची, म्हणजे ही पट्टी खांबांनंतर बसलेली असणार. आतल्या बाजूचे कंगोरे उजेड वळवून दुकानाच्या मागच्या टोकापर्यंत फेकतात. विजेचे दिवे महाग होते तेव्हा ८० फूट खोल दुकानाला हे लागायचे. काही काचा जांभळट आहेत : काच स्वच्छ दिसावी म्हणून घातलेले मँगनीज उन्हाने रंग धरते. जुन्या मालातून मिळालेल्या काचा बसवताना दोन आडव्या लागल्या होत्या, कंगोरे उभे. बाहेरून फरक कळत नाही. आत उभे राहिल्यावर जमिनीवर दोन काळे चौकोन दिसले. फिरवून बसवल्या.

खालचे लाकडी पडदीचे चौकट-काम आणि वरच्या खिडक्यांचे दोर-वजन ठरल्याप्रमाणे झाले. विशेष काही नाही.

४ नोव्हेंबर : शेवटची पाहणी

छपरावरची वातानुकूलन यंत्रे पुढच्या कठड्यापासून २२ फूट मागे. समोरच्या पदपथावरून दिसत नाहीत, फोटो काढले. तिसऱ्या अर्जासाठी फेब्रुवारीतल्या १४० जागांवरूनच पुन्हा फोटो. मोजपट्टी : बदल नाही.

पन्हळ आज साफ केली, पाने निघाली बादलीभर. पुढची सफाई फेब्रुवारीत, मग मेमध्ये. मागच्या दाराच्या आत किल्ल्यांच्या खिळ्याला तारखांचा तक्ता टांगला आहे. शिडी जिन्याखाली.